चाचांच्या तीन खोल्या

थापाड्या म्हणून दोह्यातल्या मराठी मंडळींत माझं नाव आहे, आणि ते मी कष्टानं कमावलेलं आहे. फरीज बिन ओमरानमधल्या आमच्या इमारतीची लिफ्ट इतकी सावकाश चढते, की दोन अनोळखी माणसं तळमजल्यावर आत शिरली आणि चौथ्या मजल्यावर व्याही होऊन बाहेर पडली, असं मी एकदा शुक्रवारच्या बैठकीत सांगितलं. लोक हसले. आता तेच लोक नव्या माणसाला त्या लग्नात जेवायला काय होतं तेही सांगतात. वेस्ट बेच्या एका टॉवरमध्ये मी डॉक्युमेंट कंट्रोलर आहे, म्हणजे इंजिनियरांनी काढलेले नकाशे या टेबलावरून त्या टेबलावर पोचवणारा. पण चिपळूणला माझ्या सासुरवाडीत विचाराल तर तो टॉवर मीच उभा केला, आणि वरचे दोन मजले वाऱ्यानं हलतात ते माझं न ऐकल्यामुळे.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे आहे त्यातही माझ्या थापा आहेत. त्या सगळ्या तेव्हा मारलेल्या. आता लिहिताना एकही मारलेली नाही, आणि माझ्यासारख्याला त्याचा किती त्रास होतो ते तुम्हाला कळायचं नाही.

चाचा आमच्या खाडीच्या समोरच्या काठचे. माझं गाव अलीकडे, त्यांचं पलीकडे, मधे तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. गावाकडे आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. भेट झाली ती दोह्यात, त्यांच्या पंधरा सीटच्या व्हॅनमध्ये. रोज सकाळी ते आमच्या भागातली ऑफिसची माणसं भरून वेस्ट बेला नेत आणि संध्याकाळी परत आणत. वय विचारलं की साठ म्हणत, आणि माझ्या माहितीप्रमाणे पाच वर्षं साठच म्हणत होते. एका छोट्या कंत्राटदाराकडे त्यांनी तीस वर्षं ड्रायव्हरकी केली. म्हातारा मालक वारला, धंदा बसला. मालकाचा मुलगा भला माणूस. त्यानं चाचांच्या व्हिसाचे कागद स्वतःच्या नावावर ठेवले आणि जुनी व्हॅन त्यांच्या हवाली केली. "चालव आणि जग," म्हणाला. चाचा चालवत होते. जगण्याचं मला नंतर कळलं.

मी पुढच्या सीटवर बसायचो. अर्ध्या तासाच्या रस्त्यात मी बोलायचो आणि ते ऐकायचे. माझी गोष्ट फारच वर गेली की नुसतं म्हणायचे, "बाबू, गाडी चौथ्यात हाय, जरा तिसऱ्यात घे."

एका गुरुवारी ऑफिसची बॅग मी व्हॅनमध्येच विसरलो. घराची दुसरी किल्ली, पासपोर्टची झेरॉक्स, सगळं तिच्यात. चाचांचा फोन बंद. शुक्रवारी सकाळी मी पायीच निघालो आणि दोन गल्ल्या सोडून सुपरमार्केटच्या मागच्या मोकळ्या जागेत, मालाच्या ट्रकांमधे ती व्हॅन सापडली. सगळ्या काचांना आतून चंदेरी पत्रे लावलेले. बाजूचा दरवाजा उघडा, आणि चाचा लुंगी-बनियनवर आरशात बघून दाढी करत होते. व्हॅनच्याच आरशात.

"चाचा, इथं कुठं?"

"दाढी करतोय."

"ते दिसतंय. घरी पाणी गेलंय का?"

त्यांनी दुसरा गाल पुरा केला, वस्तरा पुसला आणि म्हणाले, "घरात पाणी नाय, भिंती नायत. छप्पर तेवढा हाय, ह्यो बघ." आणि बोटांनी व्हॅनच्या टपावर टकटक केली.

मी आत डोकावलो. शेवटची सीट काढून तिथं गादी घातलेली; कामाच्या दिवशी ती आणि बाकीचं सामान चादरीखाली जायचं. एका बाजूला एका बर्नरची शेगडी, लोणच्याची बरणी, पाण्याचे कॅन. छतालगतच्या दांडीला दोन इस्त्रीचे शर्ट हँगरवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत. माझी बॅग त्यांनी उशाला घेतली नव्हती एवढंच. नीट सीटवर ठेवून तिला पट्टा लावला होता.

आधी ते राहायचे त्या व्हिलात, म्हणजे जुन्या बंगल्यात, एकेका खोलीला प्लायवूड ठोकून चार-चार खोल्या केलेल्या. तपासणी झाली, प्लायवूड निघालं, माणसंही निघाली. भाडी वाढलेली. चार दिवस गाडीत काढू म्हणून चाचा गाडीत आले. मी पाहिलं तो आठवा महिना होता. उन्हाळा त्यांनी मशिदीच्या एसीत, मॉलच्या पार्किंगमध्ये आणि इंजिन चालू ठेवून काढला होता. मी उन्हाळ्यावर इतक्या गोष्टी रचल्या, पण ह्या माणसाचा उन्हाळा माझ्या शेजारच्या सीटवर बसून गेला आणि मला वासही आला नाही.

"घरी ठाऊक आहे?" मी विचारलं.

"घरी कशाला ठाऊक असेल?" त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं. "घरी सांगितलंय, नवीन कंपनी, कंपनीची खोली. बाबू, माजी धाकटी फार्मसीला हाय. तिसरा वर्ष चाललाय. दीड वर्षात डिग्री हातात. तिची आई सरळ बाई. तिला कळला की बाप गाडीत झोपतो, की पोरीला हॉस्टेलातून घरी आणील आणि मला विमानात बसवील, एका दिवसात. दोन्ही पोरगे आपापल्या संसारात. धाकटीला मीच हाय. दीड वर्ष कुणाला कळता नये."

मी त्यांना शब्द दिला. माझ्या शब्दाची बाजारात काय किंमत आहे ते त्यांना माहीत होतं, तरी त्यांनी घेतला.

अडचण एकच होती. आठ महिने चाचा घरी नुसता आवाजी फोन करत होते. नेट बरं नाही, फोन जुना आहे, असं काही ना काही सांगत. चाची आता हटून बसली होती: तोंड दाखवा. तेव्हा मीच म्हटलं, माझ्याकडे या. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की सरळ वर या, आंघोळ करा, सोफ्यावर बसा, तासभर बोला. बायको माझी मुलाच्या शिक्षणापायी चिपळूणला. एक बेडरूम आणि एक हॉल एवढ्या घरात मी एकटा. त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो की रात्री जेवताना दोनदा वाढून घेतलं. एका तासाचं दान मी वर्षाच्या दानासारखं मिरवत होतो, अर्थात मनातल्या मनात, कारण शब्द दिला होता.

तर दर शुक्रवारी चाचा येत. त्यांच्या पिशवीत टॉवेल, साबण स्वतःचा. माझा साबण त्यांनी कधी वापरला नाही. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, केस मागे वळवून ते सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात बसत, आणि पडद्यावर चाची येई. गोल चेहरा, डोक्यावर ओढणी, आणि आवाज असा की खाडीच्या त्या काठावरून ह्या काठाला कोंबड्या जाग्या व्हाव्यात. ही थाप नाही.

"बरे दिसतास. खाल्लंत काय?"

"मच्छी."

"कुणी केलान?"

"आमच्याकडे बाबू हाय ना, खाडीपलीकडचा. तो बरी करतो."

आणि मी पडद्यात डोकं घालून सलाम करायचो. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मी तेवढ्यावर थांबणारा असतो तर हे लिहायला बसलो नसतो.

दुसऱ्या का तिसऱ्या शुक्रवारी चाची म्हणाली, "मागं काय हाय ते दाखवा की." चाचा गडबडले. मी फोन उचलला. हे बघा चाची, हे किचन, कंपनीनं दिलेलं, फ्रिज एवढा मोठा की मी काल कोथिंबीर शोधायला आत गेलो तो दुपारी बाहेर आलो. चाची खदखदून हसली. हसणारं माणूस मिळालं की माझं काही खरं नसतं. ही खिडकी, इथून समुद्र दिसतो. (खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. पाणी आहे, हे खरं.) ही एक खोली, पलीकडे आणखी एक, ती तर आम्ही उघडतसुद्धा नाही, कोण झाडणार. टीपॉयखालून चाचांचा पाय माझ्या नडगीवर आपटत होता, मला वाटलं शाबासकी आहे.

फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "एवढा मोठा घर कशाला दिलंस मला? भाडा कोण भरणार?"

"शब्दांना भाडं नसतं, चाचा."

"तुज्या नसेल," म्हणाले आणि टॉवेल पिशवीत भरू लागले.

पुढचे पाच-सहा महिने ते घर वाढत गेलं. मी त्यात बाल्कनी काढली. खाली पोहण्याचा तलाव खणला. मालकाचा मुलगा ईदला स्वतः बिर्याणी घेऊन वर आला आणि चाचांना "बाबा" म्हणाला, असंही एक प्रकरण झालं. चाची ओढणीनं डोळे टिपत हसायची. शेजारणी गोळा करून ऐकवायची. चाचाही हळूहळू हसू लागले होते, हे मला कबूल करायला हवं; तासभर ते त्या घरात खरंच राहत असावेत. मग ते लिफ्टनं खाली जात, आणि मी खिडकीत उभा राहून बघत नसे.

तिकडे व्हॅनमध्ये मात्र घर कमी होत चाललं होतं. अकाउंट्समधल्या दोन बायकांना मागच्या सीटखाली उशी दिसली. "ह्या गाडीत कुणी झोपतं का?" एकीनं हिंदीत विचारलं. दुसऱ्या आठवड्यात दोघी मेट्रोनं जाऊ लागल्या. मग त्यांच्या मैत्रिणी. चाचांनी बखूर, म्हणजे अरबी धूप, जाळायला सुरुवात केली, व्हॅनला अत्तराच्या दुकानासारखा वास येई. पण ज्या नाकाला एकदा उशी दिसली त्याला अत्तर लागत नाही. अकरा माणसांची सहा झाली. आमच्या इमारतीतही कुजबुज आली. "तुम्ही त्या गाडीत राहणाऱ्याबरोबर जाता ना?" मी लगेच सांगितलं, तो माणूस कोट्यधीश आहे, कोकणात त्याच्या आंब्याच्या बागा आहेत, नातेवाइकांची परीक्षा घ्यायला असा राहतो. आठवडाभर लोक चाचांना वाकून सलाम करत होते आणि चाचांना कळेना. इथंपर्यंत हसा. त्याच आठवड्यात मी चाचांना म्हटलं, "चाचा, सकाळी बिल्डिंगसमोर नका थांबत जाऊ, कोपऱ्यावर थांबा, इथं वळायला जागा नाही." वळायला बस वळेल एवढी जागा आहे. चाचा दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यावर थांबू लागले.

आणि मग एका शुक्रवारी चाची म्हणाली, "तीन खोल्या हायत, तर मी येते."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"इतक्या वर्षांत तुमचा दोहा बघितला नाय," चाची म्हणत होती. "पासपोर्ट मक्केला उमराला गेले तेव्हा केलेला हाय. व्हिसा आता मोबाइलवर येतो, भाचा काढून देतो म्हणाला. पंधरा दिवस. बाबूच्या हातची नाय, माज्या हातची मच्छी खा. ती तिसरी खोली मी झाडून घेईन."

"अगं, इथं गरम होतंय," चाचा म्हणाले.

"एसी हाय म्हणून बाबू सांगत होता. खोलीला दोन-दोन."

मीच सांगितले होते. दोन-दोन.

त्या आठवड्यात चाचा रोज सकाळी माझ्या शेजारी बसून गाडी चालवत होते आणि काही विचारत नव्हते. विचारायचं काय होतं ते दोघांनाही ठाऊक होतं. पंधरा दिवस मी मित्राकडे झोपायचं, माझं घर त्यांचं म्हणून चाचीला दाखवायचं. तिसरी खोली रंगकामाला काढली म्हणता आली असती. त्यातून आम्ही निभावलं असतं. चाची हसून परत गेली असती, मुलीचं उरलेलं वर्ष पुरं झालं असतं. एकच किल्ली होती आणि ती माझ्या खिशात होती. गुरुवारी समुद्राकाठच्या कॉर्निश रस्त्यावरच्या सिग्नलला ते एवढंच म्हणाले, "तिकीट काढतेय ती. काय करूया?"

मी म्हटलं, "बघू. होईल काहीतरी, इन्शाल्ला."

दोह्यात राहिलेल्या माणसाला समजतं, हा शब्द कुठल्या सुरात आला की दार बंद झालं. चाचांनी मान हलवली आणि सिग्नल सुटल्यावर गाडी काढली.

मी का नाही म्हटलं? भाडेकरारात दुसरा माणूस चालत नाही. वॉचमन बघतो. बायको अचानक आली तर. ही सगळी कारणं खरी आहेत, म्हणूनच त्यांचा काही उपयोग नाही. खरं म्हणजे ज्या माणसाला मी कोपऱ्यावर थांबवलं होतं, त्याला लिफ्टमधून बायकोसकट वर आणताना शेजाऱ्यांनी बघावं, हे मला नको होतं.

म्हणून मी माझ्या जातीवर गेलो. पुढच्या शुक्रवारी चाचा आंघोळीला गेले होते आणि चाचीचा फोन वेळेआधी आला. त्यांचाच फोन, सोफ्यावर वाजत होता. मी उचलला.

"कुठं हायत हे?"

"चाची, बातमी आहे," मी म्हटलं. "चाचांची बदली झाली. बढती. समुद्रात तेलाचा मोठा प्लॅटफॉर्म असतो ना, तिथं. आत्ताच हेलिकॉप्टर घेऊन गेलं त्यांना. फोन घाईत इथंच राहिला. तिथं बायकामाणसांना परवानगी नाही. तुमचं येणं जरा पुढं ढकलायला लागेल."

मला वाटलं, हेलिकॉप्टरवर ती हसेल.

ती हसली नाही. पडद्यात नुसतं तिचं तोंड, आणि मागं कुठंतरी मिक्सर चालू होता तो कुणीतरी बंद केला.

"समुद्रात?" ती म्हणाली.

तेव्हा मला आठवलं. चाचीचा थोरला भाऊ जहाजावर खलाशी होता. एका खेपेला जहाज परत आलं, तो आला नाही. आमच्या काठावर, त्यांच्या काठावर, शेंबड्या पोरालाही हे माहीत. तिच्या आईनं नंतर मरेपर्यंत खाडीकडची खिडकी उघडली नाही. मला तर चांगलंच माहीत होतं. बैठकीत ती गोष्ट मी तीनदा सांगितली होती, दर वेळी लाट थोडी उंच करून. आमच्या मुलखातलं कुणीही, झोपेतसुद्धा, त्या बाईला तिचा नवरा समुद्रात गेला असं सांगितलं नसतं.

न्हाणीघराचं दार उघडलं. चाचा इस्त्रीच्या शर्टात, केस ओले, हसत बाहेर आले. मी हातानं त्यांना थोपवलं. फोनच्या मागे, पडद्यात येणार नाहीत असे ते उभे राहिले.

"बाबू, कधी येतील वर?" चाची विचारत होती. "पाण्यावरनं कधी येतील? भरती असते काय तिथं? तुला ठाऊक हाय ना माज्या भावाचा. तुला ठाऊक हाय ना."

चाचा दोन हातांच्या अंतरावर उभे होते आणि बोलू शकत नव्हते. मी त्यांना हेलिकॉप्टरमध्ये बसवून पाठवलं होतं.

फोन बंद झाल्यावर ते सोफ्यावर बसले नाहीत. "शर्ट उगाच घातला," एवढंच म्हणाले.

त्यानंतर शुक्रवार बंद. समुद्रातला माणूस माझ्या सोफ्यावर कसा दिसेल? चाचा पुन्हा व्हॅनमधून आवाजी फोन करू लागले. मी बरा हाय, इथं वारा नाय, इथं लाट नाय. चाची जेवायची थांबली. मोबाइलवर वादळं बघायची, कुठलंही वादळ, जगाच्या दुसऱ्या टोकाचं. परत या, एवढंच बोलायची. परत जमिनीवर आलो म्हणावं, तर ती तिकीट काढून यायला तयारच बसलेली. थाप जमिनीवर आणली तर चाची येणार, समुद्रात ठेवली तर झुरणार. चाचा मला कॉर्निशवरून गाडी चालवत हे सांगत, समुद्र उजव्या हाताला, शांत, ताटात ओतल्यासारखा. आणि शेवटी थोडं थांबत. मी वाक्याची ती जागा ओळखून होतो. प्रत्येक वेळी मी तिथं काहीतरी दुसरंच बोललो.

तिसऱ्या आठवड्यात चाचीनं मुलीला हॉस्टेलातून घरी बोलावून घेतलं, रात्री एकटं झोपवत नाही म्हणून. पुढची सत्र परीक्षा तोंडावर आली होती.

त्या शुक्रवारी नमाजेनंतर चाचांचा फोन आला. "बाबू, खाली ये. गाडीत बस माज्या संगं."

मी सुपरमार्केटच्या मागं गेलो. काचांवरचे पत्रे त्यांनी काढून ठेवले होते. ऊन थेट गादीवर. शर्ट साधाच, विटलेला. मी पुढच्या सीटवर बसलो. त्यांनी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन स्टिअरिंगला टेकवला.

चाची आली. शेजारी मुलगी, उभी.

"हे कुठं हायत तुम्ही?"

"जमिनीवर," चाचा म्हणाले. "आधी ते ऐक. मी समुद्रात नाय. कधी गेलोच नाय. ही बघ जमीन." त्यांनी दार उघडून फोन खाली धरला. डांबर, दगड, एक चिप्सचं पाकीट. "दिसली? आता हे बघ." फोन आत फिरवला. गादी, शेगडी, बरणी, हँगर. सावकाश, एकेक. "मी इथं ऱ्हातो. दीड वर्ष होईल आता. गाडी मालकाची हाय, चोरीची नाय. कुणाचा काय वाईट केला नाय."

मुलगी पडद्यातून बाहेर गेली.

मग चाची म्हणाली, "पाय लांब करता येतात काय तिथं?"

"तिरका झोपलो की येतात."

"उशी जुनी दिसते."

"उशी बरी हाय."

आणि मग तिला मी दिसलो. "आणि ते घर? समुद्र दिसतो ते?"

"ते ह्याचा," चाचा म्हणाले.

"तीन खोल्या तुज्या?"

"एकच आहे, चाची," मी म्हटलं. "आणि हॉल."

"हॉल," ती म्हणाली. तो शब्द तिनं असा उच्चारला की त्यातली सहा फूट जमीन मला मोजता आली. "मग हे..."

"तो दर जुम्म्याला सांगायचा," चाचा मधेच म्हणाले. "इथं या, ऱ्हावा, म्हणायचा. हाताला धरायचा. मीच नको म्हटलं. मला गाडीची सवय. त्याला काय बोलू नको."

ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून निघालेली ही पहिली कल्पित गोष्ट जी त्यांना स्वतःला कशाला उपयोगी नव्हती. आणि मी, ज्यानं आयुष्यात कधी दुसऱ्याची थाप भर घातल्याशिवाय पुढं जाऊ दिली नाही, मी मान हलवली. "हो चाची," म्हटलं. "ऐकतच नव्हते."

"अल्ला तुजा भला करो," चाची म्हणाली.

फोन संपल्यावर मी तिथंच म्हटलं, "चाचा, चला वर. आजपासून. गावी जाईपर्यंत राहा."

त्यांनी पत्रे उचलले आणि एकेक काचेला लावायला घेतले. "आता कशाला रे," म्हणाले. "आता कुणापासनं लपवायचं हाय?" शेवटचा पत्रा लावून झाल्यावर मागे वळून बघितलं. "पण आता विचारलंस ना? बरा झाला. म्हणजे मी तिला अगदीच खोटा नाय सांगितला."

महिनाभरात ते गावी गेले. तेवढे दिवस रोज संध्याकाळी व्हॅनमधूनच व्हिडिओवर बोलायचे, दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून. येणारेजाणारे बघत. एकदा मी कोपऱ्यावरून पाहिलं, चाची त्यांना बरणीतलं लोणचं दाखवायला लावत होती, बुरशी आली का म्हणून. व्हॅन त्यांनी मालकाच्या मुलाला धुऊन परत केली. विमानतळावर मी सोडायला गेलो, माझ्या एका सहकाऱ्याच्या गाडीतून. सामान एक बॅग आणि एक खोका. मी वाटेत एक शब्द बोललो नाही, तर त्यांनीच विचारलं, "आज गाडी पहिल्यातच?"

मुलीची परीक्षा बुडाली. ते सत्र गेलं, मग फी, मग ते वर्षच. आता ती बाजारातल्या एका औषधाच्या दुकानात काउंटरला उभी असते. दुसऱ्या कुणाच्या डिग्रीचं सर्टिफिकेट भिंतीवर टांगलेलं, आणि गोळ्या ही काढून देते. चाचांना विचारलं की म्हणतात, पुढच्या वर्षी भरू फॉर्म, इन्शाल्ला. ते इन्शाल्ला म्हणतात तेव्हा त्यांचा अर्थ खरोखर 'अल्लाची मर्जी असेल तर' एवढाच असतो, हेच मला ऐकवत नाही.

गेल्या महिन्यात खाडीकडचा एक जण इथं नोकरीला आला, त्याच्याबरोबर चाचीनं माझ्यासाठी डबा पाठवला. सुका जवळा, कोकम, आणि तिच्या हातचा तिखट मसाला भरलेलं पुडकं, वर कपडा शिवलेला. त्यानं निरोप सांगितला: ह्यांना घरी ऱ्हायला एवढं विचारत होतास, म्हणून.

शुक्रवारी बैठक माझ्याकडेच होती. मी जवळा परतला. वास मजलाभर गेला, लोकांनी बोटं चाटली, आणि एकजण म्हणाला, "कुठनं आलं हे? आता ऐका, ह्याच्यामागं काहीतरी जबर असणार." सगळे हात पुसून माझ्याकडे वळून बसले.

मी म्हटलं, गावाकडनं आलंय. आणि ताटं उचलायला घेतली.